सावलीची बारी

"वकीलसाहेब, माझ्या प्रत्येक ठरावाला तुम्ही विरोध करता, याचं मला मनापासून कौतुक आहे," इंदुताई पिंपळशेंडे माझ्या कचेरीतील अशिलांच्या बाकावर टेकत म्हणाल्या. "म्हणून म्हटलं, या वेळी आधीच जाऊन आभार मानावेत."

"आभार कशाचे?"

"या वेळी तुम्ही विरोध करणार नाही, त्याचे."

मे महिन्यातील दुपार होती. त्या दिवसांत आमच्या सिरणापुरात ज्याला घर आहे तो दारे-खिडक्या लावून घरात पडून राहतो आणि ज्याला नाही तो भिंतीच्या कडेची सावली शोधत फिरतो. अशा वेळी गावची नगराध्यक्षा डोक्याभोवती पांढरा दुपट्टा गुंडाळून, पायी, विरोधी पक्षनेत्याच्या कचेरीत आली होती. मी पंख्याचे तोंड त्यांच्याकडे वळवले आणि माठातले पाणी दिले. शिष्टाचार आणि विरोध यांत मी कधी गल्लत केलेली नाही.

"शुक्रवारच्या सभेत गुजरीतल्या चिंचा तोडायचा ठराव येतो आहे," त्या म्हणाल्या. "संकुलाला तेवढा तुमच्या पक्षानं पाठिंबा दिला होता. झाडं पडल्याशिवाय संकुल उभं राहत नाही. तेव्हा तुमचा पाठिंबा मी धरून चालले आहे."

"संकुलाला पाठिंबा दिला होता, हे खरं. ठराव वाचल्यावर बोलेन."

"वाचा की. त्यात तुम्हाला काही सापडायचं नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "तशी ती बसस्थानकामागची पत्र्याची शेडसुद्धा उत्तम झाली म्हणायची. गुजरी तिथं हलवून महिना झाला. विरोधी पक्षाची एक तक्रार नाही. माझ्या कारकिर्दीतलं हे पहिलंच बांधकाम, ज्यात वकीलसाहेबांना खोट काढता आली नाही."

"मी अजून ती पाहिलेली नाही," मी काहीसा ताठरपणे म्हणालो.

"मग राहू द्या. उन्हाचं कशाला जाता जी? तब्येतीला जपा."

एवढे बोलून त्या उठल्या आणि आल्या तशा पायी निघून गेल्या.

इंदुताईंविषयी दोन शब्द येथे सांगितलेच पाहिजेत, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. औषधाच्या दुकानातून त्या राजकारणात आल्या. दुकानात बसून गावाची दुखणी त्यांना जेवढी कळली तेवढी आम्हा जुन्या पुढाऱ्यांना भाषणे करून कळली नव्हती. उन्हाळ्यात सफाई कामगारांची वेळ पहाटेवर नेणे, सुट्टीत शाळांचे व्हरांडे दुपारी हमालांना आणि फेरीवाल्यांना उघडून देणे, तुरीची डाळ कडाडली तेव्हा महिला बचतगटांना एकत्र करून थेट गिरणीवरून डाळ उचलायला लावणे, ही सारी त्यांची कामे. मी या प्रत्येक कामाला विरोध केला होता. माझा आक्षेप हेतूला नसे, रीतीला असे. शाळा उघडताना शिक्षण समितीला विचारले नाही, डाळीच्या व्यवहारात नगरपालिकेचे वाहन वापरले, अशा गोष्टींना मी हरकत घेई. रीत मोडून केलेले चांगले काम उद्या वाईट कामाला वाट करून देते, हे माझे मत आजही कायम आहे.

मात्र सभागृहात त्यांच्याशी वाद घालणे हे सोपे काम नव्हते. विधान करावे आणि त्याला आधार नसावा, असे त्यांच्यासमोर कोणाचेच चालत नसे. मी एखादा दाखला देताना किंचित घसरलो की अध्यक्षांच्या आसनावरून शांत आवाज येई, "वकीलसाहेब, मुद्दा बरोबर, दाखला चुकला." आणि दाखला खरोखरच चुकलेला असे. घरी जाऊन पुस्तके उघडून पाहण्याची खोड मला त्यांनीच लावली.

गुजरी म्हणजे आमच्या गावची रोजची भाजीबाजाराची जागा. तिथे भल्या थोरल्या चिंचांची रांग आहे. कोणी लावल्या हे आज कोणाला माहीत नाही. या चिंचांच्या जागी दुमजली व्यापारी संकुल उभे करण्याचे वचन देऊन इंदुताई निवडून आल्या होत्या. निधी त्यांनीच खेटे घालून मिळवला होता. मोजमाप आणि माती तपासणीसाठी भाजीवाल्यांना तात्पुरते शेडमध्ये हलवले होते. आता फक्त कुऱ्हाड पडायची राहिली होती. तेव्हा त्या माझ्याकडे येऊन आगाऊ आभार मानून गेल्या, यात मला विजयी माणसाच्या गर्वाशिवाय दुसरे काही दिसले नाही. 'खोट काढता आली नाही' हे शब्द माझ्या कानांत खडखडत राहिले.

दुसऱ्या दिवशी, ऊन ऐन भरात असताना, मी शेड पाहायला गेलो.

पत्र्याच्या त्या छपराखाली पाऊल ठेवताच चष्म्याची काडी कानशिलाला चटका देऊ लागली. हवा हलत नव्हती. ओल्या गोणपाटांखाली पालेभाज्या झाकल्या होत्या, पण गोणपाटच वाळून कडक झाले होते. मेथीच्या जुड्या माना टाकून पडल्या होत्या. कोथिंबिरीची चव गेल्याचे तिच्या रंगावरूनच कळत होते.

"या जी वकीलसाहेब, बसा," एक म्हातारी बाई म्हणाली. जाईबाई मोहुर्ले. गुजरीतील भाजीवाल्यांची ती पुढारी होती. तिने पाट पुढे सरकवला. पाटाजवळ तांब्या भरून ठेवलेला होता. मी येणार हे जणू तिला ठाऊकच होते. पण तो मान मी माझ्या पदाला दिलेला समजलो.

"काय भाव मेथी?"

"सकाळी विचारा, तं एक भाव. आता विचारा, तं दुसरा." ती हसली, पण हसण्यात राम नव्हता. "सकाळी अर्धी विकली जाते, दुपारी अर्धी फेकली जाते. फेकलेलीचा पैसा कुठून काढाव? उरलेलीवरच चढवाव लागते ना जी."

"मग गिऱ्हाईक?"

"सकाळी येते ते बंगल्यातलं. त्याले काय फरक पडते? राइसमिलची पाळी सुटते दुपारी. विटाभट्टीवाल्या बाया येतात तेव्हाच. त्या येतात, भाव ऐकतात, अन् खाली हात चालल्या जातात. काल एक पोरगी म्हणाली, मावशी, तुमची भाजी आता पाहायचीच झाली."

"गुजरीत असताना भाव चढत नव्हता?"

जाईबाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, एवढा शिकलेला माणूस आणि हे विचारतो!

"तिथं बारी होती ना साहेब."

"कसली बारी?"

"सावलीची." तिने हातातल्या काडीने जमिनीवर झाडाचा गोल काढला. "बुंध्याजवळ गच्च सावली. तिथं पालेभाजीवाल्या. कांदे-बटाटेवाले कडेले, त्यांले ऊन लागलं तरी चालते. पण पालेभाजीवाल्या लय, अन् बुंध्याजवळची जागा थोडी. म्हणून दर आठवड्याले जागा बदलते. या आठवड्यात माझी बारी, पुढच्या आठवड्यात तिची. अन् ज्याची बारी, त्यानं दुपारी भाव चढवायचा नाही. सकाळचा तोच दुपारचा. सावली सगळ्यांची, तं तिचा फायदा एकटीनं कसा खायचा?"

"हा नियम केला कोणी?"

"कोणी केला, काय माहीत! माया सासूच्या सासूच्या वेळेपासून आहे. कोणी भाव चढवलाच, तं तिची पुढची बारी गेली. मग कोणी चढवते काऊन?"

"आणि इथं?"

"इथं सावलीच नाही, तं बारी कशाची?" तिने गोल पुसून टाकला. "पहिल्या दिवशी ज्यानं जी जागा धरली ती त्याची झाली. टोकाच्या त्या एका पंख्याखालच्या जागेवरून दोघींची झोंबाझोंबी झाली परवा. साहेब, आमी आजवर भांडलो, पण जागेसाठी कधी भांडलो नव्हतो."

"नगराध्यक्षांना सांगितलं का हे?"

"ताई रोज येते ना! दुपारीच येते. इथंच बसते तुमच्या पाटावर, पाहते, अन् काही न बोलता चालली जाते."

मला संताप आला. रोज येऊन पाहायचे आणि शुक्रवारी झाडे तोडायचा ठरावही मांडायचा! न पाहणाऱ्याला अज्ञानाची सबब तरी असते. परत जाताना मी मुद्दाम गुजरीवरून गेलो. तिथे चिंचांखाली दाट, थंड, ओलसर वासाची सावली पसरलेली होती, आणि त्या सावलीच्या ऐन मध्यावर, बुंध्याला टेकून, उपाध्यक्ष मुरलीधर उराडे यांची पांढरी मोटार उभी होती. चालक आत झोपला होता. संकुलातील गाळे कोणाकोणाला मिळायचे आहेत याची चर्चा गावात सगळ्यात जास्त उराडेंच्या ओसरीवर चाले.

त्या क्षणी माझे भाषण तयार झाले.

शुक्रवारी सभागृह भरलेले होते. भाजीवाल्या बाया प्रेक्षकांच्या बाकांवर दाटीने बसल्या होत्या. ठराव स्वतः इंदुताईंनी मांडला, आणि इतका नीरस मांडला की मला आश्चर्य वाटले. एरवी कागदाकडे न पाहता बोलणारी ही बाई त्या दिवशी कागदातून डोके वर काढीत नव्हती. विकास, आधुनिक बाजारपेठ, शासनाचा निधी, असे तेच ते शब्द त्यांनी एकापुढे एक ठेवले आणि त्या खाली बसल्या.

मी उठलो. त्या भाषणाइतके चांगले भाषण मी आधी केले नव्हते आणि नंतरही केले नाही. मी शेडमधल्या पत्र्याचा चटका सभागृहाला दिला. मान टाकलेली मेथी सभागृहापुढे ठेवली. अलंकार म्हणून नव्हे, खरोखरच एक जुडी मी पिशवीतून नेली होती. विटाभट्टीवरून आलेली बाई भाव ऐकून रिकाम्या हाताने कशी परतते ते सांगितले.

"सन्माननीय अध्यक्षांनी आपल्याला छत दिले," मी म्हणालो, "आणि त्या छताखाली भाजी जळते, गरिबाचे ताट रिकामे होते. जे छत महिनाभर आपण पाहिले, तेच आता सिमेंटचे करून कायमचे डोक्यावर घ्यायचे, असा हा ठराव आहे. गाव दरवर्षी अधिक तापते आहे. अशा वेळी फुकट मिळणारा गारवा तोडून विकतचा ताप आणणाऱ्या या योजनेला विकास म्हणायचे असेल, तर मला त्या शब्दाचा अर्थ नव्याने शिकावा लागेल."

"वकीलसाहेब, भावनेला हात घालू नका, नियमाचं बोला!" उराडे ओरडले.

"नियमाचेच बोलतो. उपाध्यक्षांची मोटार काल दुपारी चिंचेखाली उभी होती. शेडमध्ये का उभी केली नाही, एवढेच त्यांनी सभागृहाला सांगावे. मोटारीला जी सावली लागते ती मेथीला लागत नाही, असा नगरपालिकेचा काही नियम आहे काय?"

सभागृह हसले. बाकांवरच्या बाया टाळ्या पिटू लागल्या. उराडेंचा चेहरा लाल झाला. मी शेवटी बारीचाही एका वाक्यात उल्लेख केला आणि बसलो. मग अध्यक्षांच्या आसनाकडे पाहिले. उत्तराचा अधिकार त्यांचा होता.

इंदुताई उभ्या राहिल्या. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "सदस्यांनी आपापल्या समजुतीप्रमाणे मत द्यावं," एवढेच म्हणाल्या आणि ठराव मतास टाकला.

हात वर झाले. ठरावाच्या बाजूने उराडे आणि त्यांच्याभोवतीचे काही जण. माझा सारा पक्ष विरुद्ध. आणि मग सत्ताधारी बाकांवरून, राइसमिलच्या भागातून निवडून आलेले, माळीपुऱ्यातून निवडून आलेले सदस्य, आधी एकमेकांकडे आणि मग बाकांवर बसलेल्या बायांकडे पाहत, एकेक करून विरोधात हात वर करू लागले. ठराव पडला. नगराध्यक्षांचा स्वतःचा ठराव, त्यांच्याच माणसांनी पाडला.

"ताई!" उराडे भान विसरून ओरडले. "पक्षादेश काऊन नाही काढला?"

"घरचाच ठराव होता, मुरलीधरभाऊ," इंदुताई कागद आवरीत म्हणाल्या. "घरच्या माणसांना आदेश काय द्यायचा?"

बाहेर जाईबाईने माझ्यावरून नारळ ओवाळला. माझ्या गळ्यात हार पडले. गुजरी दुसऱ्या दिवशी चिंचांखाली परत आली आणि त्या आठवड्याची पहिली बारी कोणाची, यावर गोड भांडण झाले. इंदुताई सभागृहाच्या मागच्या दाराने, दुपट्टा गुंडाळून, पायी घरी गेल्या म्हणे. मला ते त्या वेळी दिसलेही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला बसलो होतो. पानात मेथीची भाजी होती, गुजरीतली. मी पत्नीला आदल्या दिवशीचे भाषण पुन्हा ऐकवीत होतो. तिने ते एव्हाना दोनदा तरी ऐकले असावे.

"एक विचारू?" कुमुद म्हणाली. "पत्रा तापला, हे खरं. पण संकुल काही पत्र्याचं होणार नव्हतं ना? विटांच्या जाड भिंती, उंच छत, झरोके. नकाशा तुम्हीच मला दाखवला होता. शेडचा ताप इमारतीच्या माथी कसा मारलात?"

माझा हात पानातच थांबला.

"वादात असं चालतं," मी म्हणालो.

"तुमच्या चालत असेल. इंदुताईंनी कसं चालवून घेतलं?"

भाजीची चव गेली. कुमुदचे म्हणणे निर्विवाद होते. माझे सारे भाषण एका घसरत्या पायरीवर उभे होते. शेड ही संकुलाचा नमुना नव्हती, ती तात्पुरती सोय होती. एवढे एक वाक्य अध्यक्षांनी उच्चारले असते, तर माझी मेथीची जुडी हास्यास्पद ठरली असती आणि मते उलटली असती. संकुलाचा नकाशा त्यांना पाठ होता. माझा सनावळीतला एका वर्षाचा फरकसुद्धा न सोडणाऱ्या या बाईने त्या दिवशी 'दाखला चुकला' असे म्हटले नव्हते. मग मला आगाऊ मानलेले आभार आठवले. 'खोट काढता आली नाही' हे शब्द आठवले. पाटाजवळ भरून ठेवलेला तांब्या आठवला, न काढलेला पक्षादेशही आठवला. मी जेवण अर्धे टाकून उठलो.

इंदुताई त्यांच्या दुकानात होत्या. एका म्हाताऱ्याला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावून सांगत होत्या. तो गेल्यावर मी काउंटरपुढे उभा राहिलो.

"माझ्या युक्तिवादात भोक होतं," मी म्हणालो.

"असेल जी."

"बैलगाडी जाईल एवढं. तुम्हाला ते दिसलं नाही, हे मी मानायला तयार नाही. उत्तर का दिलं नाहीत?"

"घसा बसला होता."

"घसा बसला होता? तुमचा?"

"बायांना बसू शकतो की नाही घसा?" त्या हसल्या. मग त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि मला आतल्या स्टुलावर बसायची खूण केली. "वकीलसाहेब, मी या गुजरीतली भाजी खाऊन मोठी झाले. पण बारी मला कधी दिसलीच नव्हती. मोडली तेव्हा दिसली. तुम्ही म्हणता ते खरं, इमारत तापली नसती कदाचित. पण गाळा एकदा एकीच्या नावावर झाला की बारी संपली. बारी संपली की दुपारचा भाव गेला, आणि तो भाव गेला की विटाभट्टीवाल्या बाईच्या घरची पालेभाजी गेली. ती झाडं भाजीला नुसती सावली देत नाहीत, गावाचा भाव धरून ठेवतात. आणि हे सारं तोडायचं वचन देऊन मी निवडून आले होते."

"मग सरळ सांगायचं होतं सभागृहात! मी चुकले, म्हणायचं. ठराव मांडायचाच नव्हता. माणसाने मत बदलण्यात कमीपणा नाही."

"कमीपणाचं काय घेऊन बसलात? वचन मोडल्याची बोंब मी सोसली असती." त्यांनी आवाज खाली आणला. "पण मी झाडं वाचवली असती, तर ती माझी झाडं झाली असती. तुम्ही विरोध केला असता."

"मी तर्काला धरूनच..."

"केला असता," त्या ठामपणे म्हणाल्या. "रीत चुकली म्हणून, निधी परत गेला म्हणून. आणि उद्या मी खुर्चीवरून उतरले की पुढच्या अध्यक्षानं पहिली कुऱ्हाड त्याच झाडांवर घातली असती. पिंपळशेंडेबाईची झाडं म्हणून. आता बघा. ती तुमच्या पक्षानं वाचवली. तुमचा पक्ष त्यांना कधी हात लावू शकत नाही. आणि माझा पक्ष त्यांच्यापायी एकदा भर सभेत आपटला. तो पुन्हा त्या वाटेला जायचा नाही. दोन्ही बाजूंनी पहारा बसला. मी जिंकून एवढं मिळालं नसतं."

आयुष्यभर मी युक्तिवाद केले, पण हरण्याचाही युक्तिवाद असू शकतो, हे मला कोणी शिकवले नव्हते.

"आणि तुमचं काय?" मी विचारले. "गावात म्हणतात की इंदुताईंना झाडं तोडायची होती. वकिलानं वाचवली."

"म्हणू द्या. तुम्हीही तेच म्हणा. खरं बाहेर आलं तर पहारा उठेल." त्या उठल्या, काउंटरवर गिऱ्हाईक आले होते. "आणि हो, बारीचा मुद्दा तुम्ही फारच शेवटी घेतलात. तो आधी यायला हवा होता."

एवढे बोलून त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

पुढच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने त्यांना नगराध्यक्षपदाची उमेदवारी दिली नाही. निधी परत घालवणारी, स्वतःचा ठराव सांभाळता न येणारी बाई, असे उराडे उघड बोलत होते. इंदुताई आपल्या प्रभागातून साध्या सदस्य म्हणून उभ्या राहिल्या आणि थोडक्यात निवडून आल्या. नगराध्यक्ष झालो मी. चिंचा वाचवणारा वकील म्हणून. ज्या बायांनी त्यांना मत द्यायला हवे होते त्यांनी मला दिले. मी त्यांना खरे सांगू शकत नव्हतो. तशी अटच होती. आज आम्ही दोघेही निवडणुकांपासून दूर आहोत आणि त्या चिंचांखाली बसणाऱ्या बायांपैकी निम्म्यांना ती सभाही माहीत नाही. पहाऱ्याची गरज आता उरलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

त्या खुर्चीवर बसल्यावर काही महिन्यांतच माझ्या पक्षाने बसस्थानकामागच्या शेडचा आणि तिच्या भोवतीच्या मोकळ्या मैदानाचा प्रश्न काढला. मैदान दुकानांसाठी भाड्याने द्यावे, असा माझ्याच सहकाऱ्यांचा आग्रह होता. बसस्थानकावर उतरणारी माणसे उन्हात उभी राहत. मला तिथे झाडे हवी होती. पण मी झाडांचा ठराव आणला असता, तर ती माझी, वझलवार वकिलाची, झाडे झाली असती, आणि माझ्यानंतर त्यांचे काय झाले असते हे मला आता ठाऊक होते.

मी मैदान भाड्याने देण्याचा ठराव मांडला, आणि तोही कागदातून डोके वर न काढता. महसूल, सुशोभन, शासनाचे धोरण, असे शब्द एकापुढे एक ठेवले. शिवाय एक दाखला असा दिला की तो कोणत्याही शहाण्या माणसाला टिकाऊ वाटला नसता.

सदस्यांच्या बाकांवरून इंदुताई उठल्या. त्या दिवशी त्यांचा आवाज सभागृहाच्या भिंतींवर आदळत होता. त्यांनी माझ्या ठरावाचे तुकडे तुकडे केले. बसच्या प्रतीक्षेत उन्हात कोसळलेल्या बाईची हकीकत सांगितली. उन्हाळ्यात दुकानांच्या भाड्यापेक्षा सावलीचे मोल गावाला किती अधिक आहे, ते त्यांनी अशा रीतीने पटवले की माझ्या पक्षाचे दोन-चार सदस्यही मान हलवू लागले. आणि माझा तो कच्चा दाखला? तो त्यांनी हेरून, उचलून, सभागृहाला दाखवला.

"अध्यक्षमहाराज," त्या म्हणाल्या, "मुद्दाही चुकला आणि दाखलाही चुकला."

सभागृह हसले. मी उत्तराला उभा राहिलो, पाण्याचा घोट घेतला आणि ठराव मतास टाकला. तो पडला. त्याच बैठकीत मैदानावर झाडे लावण्याची इंदुताईंची उपसूचना मंजूर झाली. त्या वर्षी लावलेली कडुनिंबांची रांग आज बसस्थानकावर उभी आहे, आणि गावात ती 'ताईंची झाडे' म्हणून ओळखली जाते.

सभा संपल्यावर इंदुताई दाराशी थांबल्या होत्या. उराडे आता त्यांच्या बाजूला उभे राहून, आमचा विजय, आमचा विजय, म्हणत होते. ते पुढे गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. दुपट्टा डोक्याला गुंडाळत, गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या,

"वकीलसाहेब, आज तुमचा युक्तिवाद फारच कच्चा होता. तुम्हाला शोभला नाही. काय झालं?"

"काही नाही, ताई," मी म्हणालो. "घसा बसला होता."